पडदा काळा झाला नाही

मागच्या रविवारी धाकटीने फोनवर विचारलं, आजोबा बहारीनमध्ये काय काम करायचे? मी तोंड उघडायच्या आत तुमच्या आईने मागून इंग्रजीत उत्तर देऊन टाकलं : टेप बदलायचे. धाकटीला तेवढं पुरलं आणि बोलणं तिच्या पोहण्याच्या क्लासकडे वळलं.  तुमच्या आईचं वाक्य खोटं नाही. डॉक्टर सुया टोचतात, हे जितकं खरं आहे तितकंच तेही खरं आहे.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही मराठी सावकाश वाचता हे मला ठाऊक आहे. तेव्हा सोपं लिहीन आणि जे ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने लिहीन. अडलं तर आईला विचारा. तिला यातलं बरंचसं माहीत आहे. तिला ज्या भागाचा राग आहे तोही येईल, पण शेवटी.

आम्ही मुहर्रकला राहायचो. खाली कोल्ड स्टोअर, म्हणजे तिकडचं किराणा दुकान, आणि वरच्या मजल्यावर आम्ही. विमान उतरायला लागलं की खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि तुमची आई पाठांतर थांबवून ते जाईपर्यंत डोळे मिटून बसायची. आजोबा एका खाजगी टीव्ही कंपनीत ट्रान्समिशनचे शिफ्ट प्रमुख होते. कंपनीची वाहिनी उपग्रहावरून आखातभर दिसायची. तुमची आई जरा मोठी झाल्यावर मलाही तिथेच नोकरी मिळाली. मी कोल्हापूरला इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून मला कॅसेटची लायब्ररी दिली. लायब्ररी म्हणजे एक थंडगार खोली. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यांवर पुस्तकासारख्या उभ्या लावलेल्या जाडजूड कॅसेट. प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी कॅसेट, प्रत्येक जाहिरातीची वेगळी. मी स्वेटर घालून काम करायची, बाहेर ऊन कितीही असलं तरी.

आता आजोबांचं काम. घरी बसून टीव्ही बघणाऱ्याला सगळं सलग दिसतं. बातम्या संपतात, जाहिरात लागते, मालिका सुरू होते. त्यामागे तेव्हा दोन-तीन मोठी मशिनं असायची आणि त्यांच्यासमोर एक माणूस. एका मशीनवर चालू कॅसेट, दुसऱ्यात पुढची घालून तयार ठेवलेली. मशीनला वेग धरायला काही सेकंद लागत, म्हणून चालू कार्यक्रम संपायच्या आधीच पुढच्याचं बटण दाबावं लागे. उशिरा दाबलं की मध्ये पडदा काळा. लवकर दाबलं की कुणाचं तरी शेवटचं वाक्य कापलं जाणार. हे दिवसभर, रोज. ट्रान्समिशनमधल्या माणसाला पडदा काळा होण्याखेरीज दुसरी भीती नसे. कुणी तसा अपघात केला तर बाकीचे त्याच्याशी हळू आवाजात बोलायचे, घरात कुणी गेल्यासारखं.

यामुळे आजोबांना काही सेकंद पुढे जगायची सवय लागली होती. कुकरची शिट्टी व्हायच्या आत ते गॅसकडे बघायचे. माझं वाक्य संपायच्या आत "हो" म्हणायचे, आणि ते बहुधा भलत्याच वाक्याला असायचं. मी चिडले की म्हणायचे, "तुझी पुढची कॅसेट लावून ठेवली होती गं."

वर्षातून एकदा या कामाची खरी परीक्षा व्हायची. ती रमजानच्या आदल्या संध्याकाळी. तिकडचा महिना चंद्र दिसण्यावर सुरू होतो. आधीच्या महिन्याच्या एकोणतिसाव्या दिवशी सूर्य मावळल्यावर लोक आकाशात बघतात. कुणाला कोर दिसली आणि ती साक्ष मान्य झाली तर उद्यापासून उपवास. नाही दिसली तर आणखी एक दिवस साधा. हे अंधार पडेपर्यंत कुणालाच माहीत नसतं, राजालाही नसतं. आणि टीव्हीचे कार्यक्रम तर दोन्हींत जमीन-अस्मानाएवढे वेगळे. साधा दिवस असेल तर रात्री नाचगाण्यांचा सिनेमा, सकाळी स्वयंपाकाचा कार्यक्रम, दुपारी चॉकलेटच्या जाहिराती. रमजान लागला तर त्या क्षणापासून कुराणपठण आणि शुभेच्छा, दिवसा खाण्यापिण्याचं काहीही दाखवायचं नाही, आणि सूर्यास्ताची अजान मिनिटाचीही चूक न होता.

म्हणून दरवर्षी त्या दिवशी मी दोन ट्रॉल्या भरायची. एकीवर साध्या दिवसाच्या कॅसेट, त्यांना पांढऱ्या चिठ्ठ्या; दुसरीवर रमजानच्या, त्यांना हिरव्या. दोन्ही ट्रॉल्या ट्रान्समिशनच्या दाराशी उभ्या राहायच्या. निरोप आला की एक आत जायची, दुसरी मी परत घेऊन जायची. इतकी साधी पद्धत होती. ती कुणी शोधून काढली होती मला माहीत नाही. मी नोकरीला लागायच्या आधीपासूनची ती होती.

मग सर्व्हर आला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सर्व्हर म्हणजे फ्रिजएवढा काळा कॉम्प्युटर, ज्याच्या पोटात कार्यक्रम भरून ठेवायचे. एकदा भरले आणि क्रम सांगितला की तो आपोआप एकामागून एक लावत जाणार. बटण दाबायला माणूस नको. त्याच्याबरोबर लंडनच्या हेड ऑफिसने एक इंजिनियर पाठवला, आणि तो निघाला आपला पुण्याचा. तिशीतला, हुशार, बोलायला गोड. आजोबांना दादा म्हणायचा, मला वहिनी. एकटा राहायचा, म्हणून शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचा आणि भाकरी मागून घ्यायचा. तुमच्या आईला त्याने गणितं शिकवली आहेत. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्हाला तो दुष्ट वाटेल. तो दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं.

सर्व्हरमुळे ट्रान्समिशनमध्ये किती माणसं लागतील हे कंपनी ठरवणार होती, आणि ते रमजान पार पडल्यावर ठरणार होतं. सगळ्यात अवघड महिना मशीनने काढला, तर मग माणसं कशाला, असा त्यांचा हिशोब. इंजिनियरने महिना संपल्यावर लंडनला रिपोर्ट द्यायचा होता. आजोबांची नोकरी म्हणजे आमचा व्हिसा, तो फ्लॅट, आणि तुमच्या आईची शाळा. ती अकरावीत होती. पुढचं वर्ष बारावीचं. आम्हाला फक्त तेवढं वर्ष हवं होतं.

आजोबा सर्व्हरच्या विरुद्ध होते असं समजू नका. ते पहिले शिकले. अजानची वेळ रोज कशी सरकते, कुठल्या जाहिराती शेजारी-शेजारी चालत नाहीत, हे सगळं त्यांनीच त्या मुलाजवळ बसून कॉम्प्युटरमध्ये घालून दिलं. पण सर्व्हरला दोन मर्यादा होत्या. त्याच्या पोटात जेमतेम एका दिवसाचे कार्यक्रम मावायचे. आणि एका तासाची कॅसेट आत भरायला एक तासच लागायचा. म्हणजे पांढरा दिवस आणि हिरवा दिवस असे दोन्ही भरून ठेवणं शक्य नव्हतं. एक निवडावा लागणार होता.

याबद्दल आमच्याच जेवणाच्या टेबलावर बोलणं झालं. त्या शुक्रवारी आजोबांचे सहकारी भाईही होते. राजापूरचे, माझ्या लग्नाआधीपासून बहारीनमध्ये, आजोबांच्याच शिफ्टमध्ये. तुमच्या आईने बोलायला सुरुवात केली तेव्हा ती त्यांनाच "भाई" म्हणाली, म्हणून ते आम्हा सगळ्यांचे भाई झाले.

इंजिनियर म्हणाला, "दादा, तो प्रश्न सुटला. वेधशाळेचं गणित मागवलंय. त्या संध्याकाळी चंद्र सूर्यापाठोपाठच मावळतो. दिसणं शक्यच नाही. महिना तीस दिवसांचा. आपण साधा दिवस भरायचा."

"आणि दिसला तर?" आजोबांनी विचारलं.

"दिसणार कसा? सेकंदापर्यंतचं गणित आहे."

भाई माशाचा काटा काढत होते. मान वर न करता म्हणाले, "तुमची एकादशी कॅलेंडरात छापून येते. आमचा चांद छापून येत नाय. कोणाला तरी दिसायला लागतो."

"भाई, पण जो नाहीच तो कुणाला दिसेल?"

"ते मला काय इचारता? ज्याला दिसंल त्याला इचारा."

सगळे हसलो. इंजिनियरही हसला आणि त्याने आणखी एक भाकरी घेतली. घरात पंचांग असलेला आपला माणूस होता तो. तिथी छापून येते, ग्रहण छापून येतं, आकाशाकडे कुणी बघत नाही. चंद्राची साक्ष द्यावी लागते हे त्याला विनोदासारखं वाटलं. खरं सांगायचं तर मलाही तो भाईंचा विनोदच वाटला होता.

त्यानंतर आठवडाभरात हुकूम आला. लायब्ररी बंद. कॅसेट खोक्यांत भरून गोदामात पाठवायच्या. माझी नोकरी त्याच कागदाने संपली, फक्त खोकी भरेपर्यंत मला ठेवलं होतं. मशिनंही काढायची होती. दोन अजून जागेवर होती, कारण ती न्यायला येणारा माणूस "इंशाल्ला बुकरा" म्हणून गेला होता, म्हणजे उद्या, आणि तिकडचा उद्या आठ-आठ दिवस पुरतो.

एकोणतिसाव्या दिवशी सकाळी आजोबा चहा पिताना म्हणाले, "हिरवी ट्रॉली भर."

"खोकी बांधून झालीत."

"कुठल्या खोक्यात काय आहे ते तुला माहीत असणार."

मला माहीत होतं. मी खोकी तशीच भरली होती. मी ट्रॉली भरली आणि रिकाम्या लायब्ररीत दाराआड ठेवून दिली. घरी गेले नाही. तुमच्या आईकडे लक्ष ठेवायला शेजारी सांगून आले होते.

थंडीचे दिवस होते, लवकर अंधारलं. भाई गच्चीवर जाऊन आले. "काय दिसलं?" मी विचारलं. "विमान," ते म्हणाले. बातम्या सुरू झाल्या होत्या. बातम्यांनंतर सर्व्हर सिनेमा लावणार होता. बातम्या निम्म्या झाल्या असतील, तेव्हा वरून फोन आला. कुठेतरी, कुणालातरी कोर दिसली होती. साक्ष मान्य झाली होती. उद्यापासून रमजान. सिनेमा खलास, पठण लावा, यल्ला, म्हणजे चला लवकर.

इंजिनियर कीबोर्डसमोर बसला होता. त्याने आधी फोनवर दोनदा विचारलं, खात्री आहे का.  सर्व्हरमध्ये पठण नव्हतंच. ते भरायचं तर आधी काहीतरी पुसायचं, मग कॅसेटच्या लांबीइतका वेळ थांबायचं. बातम्या संपायला काही मिनिटं उरली होती. तो काहीतरी पुसू लागला. मी काचेतून बघत होते. आजोबा बाहेर आले, लायब्ररीत शिरले आणि ट्रॉलीला हात घातला. मी दुसरी बाजू धरून ठेवली.

"थांबा," मी म्हणाले. "एकदा जाऊ दे काळा."

"काय?"

"पाच मिनिटं जाऊ दे. लंडनला समजू दे हे मशीन काय करतं ते."

"अगं, काळा नाही होणार. सिनेमा लागेल. नाचाने सुरू होतो तो."

"लागू दे. ज्याने भरला त्याने निस्तरावं. तुम्ही सावरलंत तर तुमची गरज होती हे कुणाला कळणार?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझं म्हणणं समजलं होतं. मूर्ख नव्हते ते. माझं वाक्य संपायच्या आधीच समजलं असेल.

"घरी बोलू," ते म्हणाले. "सोड."

"घर राहिलं तर बोलू."

"अगं, लोक बघत असतील. सोड ट्रॉली."

मी सोडली. ते धावत गेले. भाईंनी तोवर दोन्ही मशिनं चालू केली होती. काचेच्या आत आजोबांनी कॅसेट घातली, डोळे बातम्यांच्या पडद्यावर, बोट बटणावर. बातम्या देणाऱ्या बाईने कागद गोळा करायला सुरुवात केली तेव्हाच त्यांनी ते दाबलं. तिचा चेहरा गेला आणि पठण सुरू झालं. मध्ये काही नव्हतं. नुसतं बघणाऱ्याला वाटलं असतं, हे असंच ठरलेलं होतं.

त्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवसापर्यंत वाहिनी दोन जुन्या मशिनांवर चालली. आजोबा आणि भाई आळीपाळीने कॅसेट घालत होते, आणि तो मुलगा शेजारी बसून सर्व्हरमध्ये हिरवा दिवस भरत होता, एका तासाला एक तास. मी घरी जाऊन सकाळी डबा घेऊन परत आले. डबा आजोबांचा आणि त्या मुलाचा. भाईंचा पहिला रोजा होता. आजोबांनी डबा उघडला नाही. "भाई उपाशी आहेत, त्यांच्यासमोर काय जेवू," म्हणाले. भाई म्हणाले, "भाऊ, जेवा. दोघं उपाशी राहिलो तर चक्कर येऊन कोण पडायचं ते ठरवायला लागंल."

दुपारी सर्व्हर तयार झाला. इंजिनियर म्हणाला, दादा, आता घरी जा. आजोबा गेले नाहीत. सूर्यास्ताची अजान होईपर्यंत ते खुर्चीतून उठले नाहीत. तिकडे घराघरांत लोक खजूर हातात धरून पडद्याकडे बघत असतात, अजान सुरू झाली की तोंडात घालायचा. आमच्या वाहिनीकडे बघणारे किती असतील देव जाणे. त्या मिनिटाला अजान लागली. भाईंनी खजूर खाल्ला, एक आजोबांच्या हातावर ठेवला, आणि मग आजोबा जेवले.

जाताना इंजिनियरने विचारलं, "दादा, रिपोर्टमध्ये काय लिहू?" त्याचे डोळे लाल होते. रडला नसेल, जागरण झालं होतं. पण घाबरलेला होता. गणितावर विसंबून एकच दिवस भरायचा निर्णय त्याचा, मशिनं काढायचा हुकूम त्याचा.

आजोबा म्हणाले, "पडदा काळा झाला नाही, एवढं लिही. खरं तेच आहे."

मला तेव्हा वाटलं, हे मोठ्या मनाने बोलताहेत. तसं नव्हतं. तो अभिमान होता. पडदा काळा झाला नाही, यापलीकडे सांगण्यासारखं काही असतं हेच त्यांना पटत नसे.

त्या मुलाने तेवढंच लिहिलं. ट्रॉली, दोन मशिनं, भाई, आजोबा, यांतलं काही लिहिलं नाही. ईदनंतर कंपनीने झल्लाकला समुद्रकाठच्या एका हॉटेलात जेवण दिलं. सगळ्यांना बायका-मुलांसह बोलावलं होतं. लंडनहून एक मोठे साहेब आले होते. त्यांनी भाषणात सांगितलं की सर्व्हरने पहिलाच रमजान पार पाडला आणि महिनाभरात एक सेकंदही पडदा काळा झाला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आजोबांकडे बघितलं. ते टाळ्या वाजवत होते. भाई माझ्याकडे झुकून म्हणाले, "भाभी, कॉम्प्युटरने पहिला रोजा पण धरला वाटतं." मला हसू आलं नाही. इंजिनियर आमच्या टेबलाकडे आलाच नाही. केकवर सर्व्हरचं चित्र काढलं होतं. तुमच्या आईने त्याचे दोन तुकडे खाल्ले. तिला काय माहीत.

दोन आठवड्यांनी पत्रं आली. शिफ्टमधली बहुतेक माणसं कमी केली. पत्रात लिहिलं होतं की नव्या पद्धतीच्या यशामुळे या जागांची आवश्यकता उरलेली नाही. अनुभवी माणसाचा पगार जास्त, म्हणून आजोबा गेले. भाई आणि आणखी एक जण एवढेच राहिले.

तो मुलगा घरी आला, खजुराचा डबा घेऊन. आजोबा सलमानियाच्या इस्पितळात रक्तदाब दाखवायला गेले होते. दारातच म्हणाला, "वहिनी, माझ्या हातात काही नव्हतं."

"पेन होतं," मी म्हटलं.

"ट्रॉलीचं लिहिलं असतं तर प्रोजेक्ट बंद झाला असता. मग मीही गेलो असतो."

"मग आता कोण गेलं?"

 तो डबा खाली ठेवून गेला. मी तो खालच्या कोल्ड स्टोअरवाल्याला दिला. त्या मुलाबरोबर मी पुन्हा कधी बोलले नाही. आजोबा मात्र त्याला भेटायला गेले. अजानच्या वेळांचं काहीतरी समजावून द्यायचं राहिलं होतं, म्हणाले.

आता तुमच्या आईचा भाग. आम्ही कोल्हापूरला परत आलो. तिची अकरावी तिथली, बारावी इथली. बोर्ड वेगळं, पुस्तकं वेगळी. तिने चार-दोन महिने धडपड केली आणि मग तिला अकरावीला पुन्हा बसावं लागलं. तिच्या मैत्रिणी पुढे गेल्या. तिला तेव्हा कुणीतरी सांगितलं होतं, बहुधा मीच रागाच्या भरात, की वडील त्या संध्याकाळी नुसते हात बांधून बसले असते तर आपण आज तिकडे असतो. ते तिने लक्षात ठेवलं. ती वडिलांशी कधी भांडली नाही. फक्त कुणी विचारलं तर सांगायला लागली, ते टेप बदलायचे. तिचंही मला चुकीचं वाटत नाही. एक वर्ष गेलं तिचं.

आजोबा माझ्या भावाच्या पंपांच्या दुकानात बसू लागले. गिऱ्हाइकाला काय हवं ते त्यांना आधीच समजे, पण पंप विकायला त्याचा उपयोग होत नसे. संध्याकाळी घरी टीव्ही बघत. कधी कुठल्या वाहिनीचा पडदा क्षणभर काळा झाला की ते खुर्चीत पुढे सरकायचे आणि उजवा हात थोडा उचलायचे. मग परत मागे टेकायचे. 

पुढच्या रमजानला बहारीनहून भाईंचा फोन आला. आजोबांनीच घेतला. मी स्वयंपाकघरात होते, मला नुसतं त्यांचं "किती वेळ?" एवढं ऐकू आलं. मग पुन्हा, "किती वेळ, भाई?" फोन ठेवून ते दारात येऊन उभे राहिले आणि सांगितलं. रिपोर्टात सगळं ठीक झालं असं लिहिलेलं, म्हणून यंदाही एकच दिवस भरला होता. यंदाही साधा भरला आणि चंद्र दिसला. ट्रॉली नव्हती, मशिनं नव्हती, एकट्या माणसाची शिफ्ट. पहिल्या रात्री नाचगाण्यांचा सिनेमा चालला, जवळजवळ अर्धा. मग कुणीतरी वायर ओढली आणि पडदा काळा झाला. कितीतरी वेळ काळाच होता.

मी कढई चढवली, तूप घातलं आणि रवा भाजायला घेतला. वर्षभरात मी गोड केलं नव्हतं. आजोबा अजून दारातच होते.

"काय करतेस?"

"शिरा."

रव्याचा वास सुटला होता. मी वेलदोडे सोलत होते. एवढं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

"शिफ्टला भाई होते," आजोबा म्हणाले. "तक्रारी आल्या. कुणाला तरी काढायला हवं होतं. भाईंना काढलं. पुढच्या आठवड्यात ते राजापूरला येताहेत, कायमचे."

"आणि ते मशीन?"

"त्याहून मोठं मागवलंय. त्यात दोन्ही दिवस मावतात."

रवा लाल व्हायला आला होता. गॅस बंद केला असता तर तो वाया गेला असता, म्हणून मी दूध ओतलं, साखर घातली आणि झाकण ठेवलं. जेवताना मी आम्हा दोघांच्या ताटात शिरा वाढला. तुमच्या आईने तिचा संपवून आमचाही खाल्ला.